आमदारांच्या नावाचा माणूस

"चुकून दिलं तं काय झालं? मत तं मतच हाय ना!" असं म्हणून आमचे शेजारी भाऊ खांद्यावरचा दुपट्टा झटकायचे.

भाऊ नागभीडजवळच्या तलावात मासे धरायचे आणि आमच्या गल्लीत विकायचे. त्यांचं नाव मी सांगत नाही, कारण सारा घोळ त्या नावानेच केला. आमच्या आमदारांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं अगदी तेच होतं. ऐंशीनंतरच्या एका निवडणुकीत हे विरोधकांच्या ध्यानात आलं. एक जीप आली, भाऊंना घेऊन गेली आणि संध्याकाळी भाऊ अपक्ष उमेदवार होऊन परतले. निशाणी मिळाली शिडी.

"काऊन उभे राह्यले, भाऊ?" मी विचारलं.

"त्यायनं म्हटलं, नुसतं नाव पायजे. नाव तं असंही पडूनच होतं."

प्रचाराला ते एक दिवसही गेले नाहीत. तलावावर गेले. तरी मतमोजणीत आमदार थोडक्यात पडले, आणि जेवढ्या मतांनी पडले त्याहून जास्त मतं भाऊंच्या शिडीवर निघाली. जंगलाच्या कडेचं एक अख्खं गाव नाव वाचून शिडीवर शिक्का मारून मोकळं झालं होतं.

आम्ही पोट धरून हसलो. भाऊ सायकल काढून त्या गावाचे आभार मानायला निघाले.

"आमी चुकलो जी, तुमाले नव्हतं द्याचं," एका बाईने तोंडावर सांगितलं. भाऊंनी दुपट्टा झटकला, आपलं वाक्य ऐकवलं आणि विचारलं, "सांगा बाई, काय काम हाय?"

गावच्या बाया पाण्यासाठी नाल्यात झरे उकरायच्या. त्यांना बोरिंग हवं होतं.

भाऊ तडक ब्रह्मपुरीला, पडलेल्या आमदारांच्या घरी. भांडण सोडवायला मी सोबत. आमदार उसळलेच. "तुह्यामुळं मी घरी बसलो, अन् तू माह्याच दारात?"

"म्हणूनच आलो जी. घरी बसून काय करून राह्यले? मतदार तुमचेच हायत. कचेरीत मले कोणी वळखत नाई, तुमाले वळखते. चाला."

आतून त्यांच्या बायकोचं हसू ऐकू आलं. मग आमदारांनाही ते आवरेना.

दोघे मिळून कचेरीत खेटे घालू लागले. साहेब एकाला हाक मारत, दोघे उठत. साहेब गावाच्या दैनेने विरघळले की या दोघांना कंटाळले, ठाऊक नाही. बोरिंग मात्र उन्हाळ्याआधी लागलं. नारळ नव्या आमदारांनी फोडला. जुने आमदार तोंड फिरवून उभे. भाऊंनी त्यांचे दोन्ही हात धरून टाळी वाजवायला लावली.

पुढची निवडणूक यायच्या आधीच भाऊ तापाने गेले. बातमी नावानिशी पसरली आणि ब्रह्मपुरीला जुन्या आमदारांच्या दारात माणसं हार घेऊन जमली. दार त्यांनी स्वतःच उघडलं. माणसं दचकून मागे सरली. कोण गेलं, हे जुन्या आमदारांना तेव्हाच कळलं. पायांत चपला सरकवत म्हणाले, "हार वापस नेऊ नका. बसा जीपमध्ये."

सगळ्यांना घेऊन ते आमच्या गल्लीत आले. उतरताना कोणीतरी कुजबुजलं, "पण साहेब, आपली यायच्याशी वळख नाई."

"माही हाय," ते म्हणाले आणि तिरडीला खांदा द्यायला पुढे झाले.