मुलासाठी घेतलेला मदरबोर्ड

सुनेत्रा बिवलकर विमा कचेरीत कारकून होत्या. चाळिशी उलटलेली, घरात त्या आणि नवरा, दोघंच. संगणकावर गाड्यांच्या शर्यती खेळायचं त्यांना भारी वेड. नवा खेळ जुन्या मशीनवर अडखळू लागला, तेव्हा २००२च्या दिवाळीत त्या मारुती मंदिरापाशी सलिलच्या संगणकाच्या दुकानात गेल्या. जुनी रॅम चालेल असा मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचा मुख्य बोर्ड, त्यांना हवा होता.

"मुलासाठी का, काकू?" सलिलने विचारलं.

खरं सांगायची त्यांना लाज वाटली. "हो," त्या म्हणाल्या, "आठवीत आहे."

"मग हा घ्या. स्वस्त आहे, अभ्यासाला पुरे. गेमचं कार्ड बसवायला यात जागाच नाही, म्हणजे पोरगं बिघडायला नको!"

त्यांना नेमकी तीच जागा हवी होती. पण आठवीतल्या पोराची आई वाद कसा घालणार? तोच मदरबोर्ड घेऊन त्या घरी आल्या. मदरबोर्ड चुकल्याचं दुःख होतंच, पण 'आठवीत आहे' हे आपलेच शब्द त्यांना जास्त कुरतडत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो खोका सलिलसमोर ठेवला. "मला मूलबाळ नाही रे. खेळते ती मीच."

सलिल ओशाळला. त्याने कार्ड बसेल असा मदरबोर्ड काढून दिला, पण वरचे पैसे घेईना. ती दया त्यांना झोंबली. नोटा काचेवर ठेवून त्या निघाल्या.

खेळ झकास पळाला. त्या दुकानाची पायरी मात्र त्या पुन्हा चढल्या नाहीत.