मध्यंतराला उठणारे अय्युबसाहेब

अय्युब तांबोळी स्वारगेटजवळच्या आमच्या चित्रपट-वितरण कचेरीत व्यवस्थापक होते. सकाळी एखाद्या सिनेमाची पोस्टरं लावायला माणसं धाडायची आणि संध्याकाळी साप्ताहिकात त्याच सिनेमाची सालटी काढायची, असा त्यांचा दिनक्रम. पगार दोन्हीकडून. आणि दोन्ही मालकांना वाटे, माणूस अगदी निःपक्षपाती आहे!

परीक्षणासाठी ते सिनेमा मध्यंतरापर्यंतच बघत. "शितावरून भाताची परीक्षा," म्हणत उठत. त्यांच्या पत्नी बिलकिसभाभी शेजारच्या खुर्चीखाली चप्पल शोधत असत.

"अहो, पुढे काय होईल?"

"काय व्हायचंय? लग्न, नाहीतर मरण. चल."

निकाहानंतर भाभींनी एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही. तो त्या आमच्या हिच्याकडून ऐकत, आणि त्यात निम्मा हिच्या पदरचा असे.

निवृत्त झाल्यावर साहेबांनी कर्वेनगरच्या घरी बसून कादंबरी लिहिली. मराठीत कथा उरली नाही म्हणून जन्मभर गळा काढलेला, तेव्हा आता आपली काढून दाखवणं भागच होतं. प्रकाशनाला अध्यक्षांनी मुखपृष्ठाची मनापासून स्तुती केली, म्हणजे ते त्याच्या पुढे गेले नव्हते. साहेबांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना एकच अभिप्राय हवा होता, भाभींचा.

"शेवटचं प्रकरण तिच्यावर आहे," ते मला हळूच म्हणाले. "तोंडाने कधी बोलता आलं नाही, ते सगळं तिथे लिहिलंय."

मी ते वाचलं होतं. खरंच डोळ्यांत पाणी आलं. त्याआधीच्या प्रकरणांतही आलं होतं, पण ते जांभयांचं.

एका दुपारी मी गेलो तर भाभी खिडकीशी पुस्तक वाचत होत्या. साहेब समोर बसून त्यांचा चेहरा वाचत होते. मला नुसतं 'बसा' म्हणून खुणावलं. निम्मं पुस्तक झालं तशी भाभींनी ते मिटलं आणि चष्मा काढला.

"चहा टाकते."

"अगं, पुढचं वाच की!"

"काय व्हायचंय पुढे? लग्न, नाहीतर मरण."

त्या उठल्यासुद्धा. साहेबांचा आवाज एकदम बारीक झाला. "बिलकिस, पुढे तू आहेस गं."

भाभी स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या.

"मग इतका वेळ कुठे होते मी?"

उत्तरासाठी साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.