जाळ्याचा वाटा

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. भिवंडीजवळ टेमघरला आमच्या घराच्या भिंतीला लागूनच कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना होता. तिथं जेवताना 'मीठ दे' म्हणायचं तरी ओरडावं लागायचं. तोच आवाज घेऊन मी गणेशपुरीच्या पलीकडच्या एका पाड्यावर शिकवायला लागले, आणि पहिल्याच आठवड्यात पोरं म्हणाली, "बाई, तुमी बोलता ते पार नदीवर ऐकू येतं." येऊ दे की! शाळा बुडवणारे नदीवरच असतात, त्यांचाही अभ्यास होईल.

शिकवणं मला येतं. त्यात उगाच विनय करायचा नाही. तिसरीला माझी अकरा पोरं होती आणि अकराच्या अकरा भागाकार करायची. चिंचोके मांडून, खडे मांडून, शेवटी नुसत्या बोटांवर. त्यामुळे सरकारी चाचणी आली तेव्हा मी निवांत होते. सगळ्या शाळांना एकच पेपर, एकच उत्तरसूची. पेपर झाले, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे गठ्ठा तपासायला शेजारच्या शाळेत गेला.

आठवड्याने केंद्रप्रमुखांचा फोन आला. केंद्रप्रमुख म्हणजे आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करणारे साहेब. माणूस सरळ, पण नियमाचा पक्का.

"बाई, तुमच्या तिसरीचा निकाल राखून ठेवलाय. कॉपीचा संशय आहे."

"काय?" माझा आवाज बहुतेक फोनशिवायही पोचला असता.

प्रश्न असा होता: पाच मित्रांनी जाळं टाकून तीस मासे पकडले. सारखे वाटून घेतले, तर प्रत्येकाला किती मासे मिळाले? उत्तर सहा. माझ्या अकरा पोरांनी लिहिलं होतं पाच. एकजात सगळ्यांनी. एकाचं चुकलं तर समजू शकतं, पण अकरा जणांची तीच चूक? तपासणाऱ्या गुरुजींचं म्हणणं, बाईंनीच फळ्यावर उत्तर लिहून दिलं.

"सर, मला लिहूनच द्यायचं असतं तर बरोबर नसतं का दिलं? तीस भागिले पाच मला येत नाही होय?"

"मी बुधवारी येतो," ते म्हणाले. "संशय खरा ठरला तर अख्खा वर्ग अप्रगत लागेल, बाई. आणि तुम्हाला नोटीस."

नोटिशीचं मी लोणचं घातलं असतं. पण माझ्या पोरांच्या नावापुढे चोरीचा शिक्का? ज्यांच्या घरात आजवर कोणी चौथीच्या पुढे गेलं नाही, त्यांचा सरकारी चाचणीचा पहिलाच निकाल आणि तो असा? तळपायाची आग मस्तकाला गेली. आणि ती आग मी कुणावर काढली, तर त्याच पोरांवर.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उभं केलं. "कोणी कोणाचं बघितलं? बोला!" पुढच्या रांगेत एक किडकिडीत मुलगी बसायची, बाप नदीवर मासे धरणारा. तीच काय ती बोलायला लागली, "बाई, ते जालं..."

"गप्प बस! जाळं-बिळं काही सांगू नकोस मला!"

ती गप्प बसली. तिचं तोंड त्या दिवशी मी बंद केलं, याची लाज मला आजही वाटते.

बुधवारी साहेब आले. आल्या आल्या पोरांना लांब लांब बसवलं आणि आपल्या मनाने दहा गणितं घातली. मी हाताची घडी घालून दारात उभी. हातच्या कांकणाला आरसा कशाला! पोरांनी खाली माना घालून दहाच्या दहा सोडवली. साहेब वह्या बघत फिरले, परत फिरले. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, तीस भागिले पाच.

"सहा!" वर्ग ओरडला. आवाज माझ्यावर गेलाय पोरांचा.

साहेबांनी खिशातून पेपर काढला आणि तोच माशांचा प्रश्न वाचला.

"पाच!" वर्ग पुन्हा ओरडला.

साहेबांनी चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार, कपाळ? मीच चक्रावले होते.

"अरे, माणसं किती? पाच. मासे तीस. मग पाच कसे येतील?"

ती किडकिडीत मुलगी उठली, आधी माझ्याकडे बघून. मी मान हलवली.

"सर, वाटे सा व्हतात. पाच मान्सांचे पाच, अन् एक जाल्याचा."

"जाळ्याचा?"

"जालं ज्याचं हाय त्याला एक वाटा जास्ती. जालं फाटतं ना, सर. त्याला सूत लागतं. समदे तसंच करतात."

सहा वाटे, तीस मासे, वाट्याला पाच. गणित अगदी चोख. भिवंडीच्या बाजारातून मासे आणून तळणाऱ्या मला, आणि साहेबांनाही, जाळ्याचा वाटा ठाऊकच नव्हता. पेपर काढणाऱ्यालाही नसावा.

साहेब हसले. कॉपी झालेली नाही, असं त्यांनी तिथंच लिहून दिलं. निकाल सुटला, अकराही पोरं वरच्या वर्गात गेली. पण त्या प्रश्नाचा गुण काही दिला नाही. मी भांडले. नदीवर ऐकू जाईल इतकं भांडले.

"बाई, उत्तरसूचीत सहा आहे. मी काय करू?"

"अन् सर," ती मुलगी मधेच म्हणाली, "सा सा घेतले तर उद्या जालं कोन देल?"

साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते निघून गेले. मी पोरांची माफी मागितली. माझा आवाज तेव्हा बराच खाली आला होता.

पुढच्या वर्षी चौथीला चाचणीच्या आदल्या दिवशी त्याच मुलीने विचारलं, "बाई, पेपरात जालं धरायचं का न्हाय?"

"नाही धरायचं," मी ठणकावून सांगितलं. "पेपरात फक्त माणसं मोजायची."

पोरांनी तसंच केलं. वर्ग केंद्रात पहिला आला. पंचायतीत बोलावून मला शाल दिली, नारळ दिला, टाळ्या वाजल्या. आधीच्या वर्षी मी काही सांगितलं नव्हतं तर माझी चौकशी झाली होती, आणि या वर्षी सांगितलं तर सत्कार! शाल अंगावर टोचत होती, खोटं कशाला बोलू.

नारळ मी शाळेत आणला, दगडावर फोडला आणि त्या मुलीला म्हटलं, "घे, सगळ्यांना सारखा वाट."

तिने खोबऱ्याचे तुकडे पाटीवर मांडले. मी मोजले. बारा.

"अगं, अकरा जण ना तुम्ही? बारावा कोणाचा?"

तिने तो तुकडा उचलून माझ्या हातावर ठेवला.

"नारल तुमचा हाय ना, बाई."

मी तो घेतला. आणि पोरांच्या रांगेत बसून खाल्ला.