काळजी वाहणारे साहेब

वामन गेल्याचं मला कुरखेड्याच्या बस स्टँडवर कळलं. त्यालाच भेटायला मी ब्रह्मपुरीला निघालो होतो. पिशवीत त्याच्यासाठी बोरं होती. चहावाला गिलास धुता धुता म्हणाला, "गुरुजी, जजसाहेब गेले म्हणते सकाळी." मी त्याच्यावर खेकसलो, "काहीही बोलून राह्यला का?" त्या बिचाऱ्यानं न मागता चहा पुढे केला, पैसे घेईना, आणि त्यावरूनच मला खरं काय ते कळलं... बस आली, मी चढलो. बोरांची पिशवी तिथंच बाकावर राहिली.

आम्ही ब्रह्मपुरीजवळच्या एकाच खेड्यातले. चौथीपर्यंत एकाच शाळेत होतो, पण मी वर्गात आणि तो बाहेर ओसरीवर. तेव्हा तशी रीतच होती. मास्तरांचा प्रश्न खिडकीतून बाहेर जायचा आणि उत्तर पुष्कळदा बाहेरूनच आत यायचं. छप्पन साली त्याच्या घरच्यांनी दीक्षा घेतली. नागपुरात राहून तो वकील झाला, मग न्यायाधीश, आणि चंद्रपुरातून निवृत्त होऊन ब्रह्मपुरीला राहायला आला. मी कुरखेड्यात मास्तरकी करत राहिलो. एवढा मोठा झाला तरी माझ्या तोंडी तो वामन्याच होता, आणि चारचौघांत मी चुकून "साहेब" म्हटलं की हळूच चिमटा काढायचा.

कुरखेड्यात जंगलातल्या मुलींसाठी एक वसतिगृह आहे. काही वर्षांपूर्वी ते चालवणाऱ्या संस्थेत दोन तट पडले आणि एका सकाळी दारावर दोन कुलपं दिसली, दोन्ही गटांचं एकेक. मुली पेट्या घेऊन व्हरांड्यात बसलेल्या. दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. दोन्ही गटांना चालेल असा माणूस या सगळ्या भागात एकच होता, वामन. त्याला संस्थेच्या निवडणुकीपुरता अध्यक्ष करायचं ठरलं आणि कुणीतरी फळ्यावर खडूनं लिहिलं, 'काळजीवाहू अध्यक्ष'.

त्या शब्दानं घोटाळा केला. कायद्यात त्याचा अर्थ, तात्पुरता माणूस, मोठा निर्णय घ्यायचा नाही, जे आहे ते सांभाळायचं. पण आमच्याकडे लोकांनी शब्द ऐकला तसा घेतला. दुसऱ्याच दिवशी एका पाड्यावरची म्हातारी चालत आली. डोक्यावर वाळल्या मोहफुलांचं गाठोडं. मला विचारते, "काळजी वाहणारे साहेब कुठी बसते जी?"

मला हसू फुटत होतं. वामन हसला नाही. व्हरांड्यातल्या बाकावर सरकून त्यानं तिला शेजारी बसवलं.

"सांगा बाई, काय काळजी हाय?"

"नात हाय माही, सोनी. धाव्वीले हाय. आता घरी आली, त तिचा बाप लगन लावून देते. मंग ते काई वापस येत नाई."

तिचं सगळं ऐकून झाल्यावर तो मला म्हणाला, "जनमभर दोन बाजू ऐकल्या गा. हे पयली बाई, जिची एकच बाजू हाय."

दोन्ही गटांकडे निरोप गेले. कुलूप काढायला दोघांचीही तयारी होती, फक्त पहिलं कोणी काढायचं यावर गाडी अडलेली. मी म्हटलं, तू अध्यक्ष आहेस, तोडून टाक कुलपं. तो म्हणाला, तोडणं हे मालकाचं काम, काळजीवाहूचं नाही. आणि तो त्या बाकावरच बसून राहिला, मुलींना गणितं घालत. पुसाची थंडी, त्याची छाती मुळातच नाजूक. अंधार पडायला लागला तसा मी चिडलो. "वामन्या, उठ. माह्या घरी चाल. इथी मरशील."

"मले ओसरीवर बसाची सवय हाय," तो म्हणाला.

 घरून घोंगडी आणून त्याच्या अंगावर टाकली आणि मीही बाकावर बसलो. जेवणवेळेला दोन्ही गटांचे पुढारी खाली मान घालून आले. न्यायाधीश माणूस आपल्या कुलपापायी थंडीत कुडकुडतोय ही बातमी गावभर झाली होती, आणि घरात बायकांनी त्यांना फैलावर घेतलं होतं म्हणतात. दोन्ही कुलपं एकदमच निघाली. सोनी परीक्षेला बसली, पास झाली. आज ती नर्सिंगचं शिकते आहे.

निवडणूक झाल्यावर दोन्ही गट म्हणाले, साहेब, तुम्हीच राहा. तो राहिला नाही. पण दर बाजाराच्या दिवशी तो बसनं कुरखेड्याला यायचा आणि त्याच बाकावर बसायचा. लोक त्याला हरवलेला बैल, रुसलेली सून, पोराचा खोकला, सगळं सांगायचे. त्याच्या हातून दहातलं एखादंच सुटत असेल. तरी लोक जाताना हलके होऊन जायचे.

या दिवाळीच्या सुमारास तो अंथरुणाला खिळला. एकदा भेटायला गेलो तेव्हा मी त्याला पेपर वाचून दाखवत होतो. ग्रीस नावाच्या देशात पक्षांचं जमेना, म्हणून एका न्यायाधीशाला निवडणुकीपुरतं काळजीवाहू पंतप्रधान केल्याची बातमी होती. मी म्हटलं, "पाय, तुह्यावानीच." त्यानं डोळे उघडले. "त्याच्यापाशी लोकं काळजी घेऊन येते का? लिवलं हाय का तसं?" मी म्हटलं, नाही. "मंग त्याले मजा नाई गा," म्हणाला आणि हसता हसता खोकत राहिला... तेच आमचं शेवटचं बोलणं.

परवा बाजाराचा दिवस होता. पाय आपोआप वसतिगृहाकडे वळले. बाक रिकामा होता, मी मधोमध बसलो. थोड्या वेळानं सोनीची आजी आली, गाठोडं खाली ठेवलं.

"तिकडं सरका जी, गुरुजी. ते साहेबाची जागा हाय."

मी कडेला सरकलो. ती दुसऱ्या कडेला बसली. मधली जागा तशीच ठेवून, तिकडे तोंड करून ती आपली काळजी सांगू लागली, नात शहरात एकटी राहते, नीट जेवते की नाही, कोण जाणे. सगळं सांगून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि गाठोडं उचलून बाजाराकडे गेली.

मग मी माझी सांगितली.