मामांचा फ्लेक्स

नव्या फ्लेक्सचा उग्र वास आला की आजही माझं डोकं फिरतं. आयटीआय करून शिरूरकडच्या एका कंपनीत मी वर्षभरासाठी शिकाऊ म्हणून लागले, आणि लगेच मामांनी आमच्या राहू गावच्या चौकात माझ्या फोटोचा भलामोठा फ्लेक्स लावला: ‘कंपनीत इंजिनिअरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ इकडं कंपनीत साहेबांना विचारल्याशिवाय मला मशीनला हात लावायची सोय नव्हती, आणि चौकात लोक पोरांना नोकरी लावायला माझ्याच मागं. “मामा, मी अजून शिकतीय. वर्ष भरायचं, परीक्षा द्यायची, मग सर्टिफिकेट, मग कुठं नोकरी. काढा तो फ्लेक्स,” मी वैतागून म्हणाले. “आगं, न्यायला बस येती, पगार मिळतो, मंग नोकरी न्हाई तर काय?” “पगार न्हाई, स्टायपेंड!” “त्येच की!” वर्ष सरलं. परीक्षा पास झाले, सर्टिफिकेट मिळालं, त्याच कंपनीत कायम झाले आणि पेढे घेऊन मामांकडं गेले. पेढा तोंडात टाकून मामा म्हणाले, “आता फ्लेक्स कशाला? मागंच लावला की.” सर्टिफिकेट माझ्या कपाटात पडून आहे. तो फ्लेक्स मात्र अजून मामांच्या शेतातल्या कांद्याच्या ढिगावर झाकण म्हणून पसरलेला असतो, माझा हसरा चेहरा वर करून.