तिखटातले पैसे

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडंतिकडं आहे, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. माझी शाळा चौथीतच सुटली. तसं मी हे कोणाला दाखवणार नाही. नात मोठी झाल्यावर तिच्या हाती लागलं, तर लागो. ती जन्मली त्या दिवसाचंच आहे.

लेकीला हैदराबादला ऑपरेशन सांगितलं होतं. जावयाने माझं विमानाचं तिकीट काढलं, पण दवाखान्यात भरायला त्याच्याकडे पैसे कमी पडत होते. माझ्या जाऊबाईने नंदुरबारला विकलेल्या मिरचीचे पैसे काढून दिले. आमच्याकडे बायका आपले पैसे तिखटात ठेवतात, तिथे कोणाचा हात जात नाही. तिने नोटांची पुरचुंडी तिखटाच्या पिशवीत खुपसली आणि म्हणाली, “असंच लई जाय. चोर हात घाली ते शिंकी.”

जळगावच्या विमानतळावर दिराने दारापर्यंत सोडलं. पुढे तिकीटवाल्यालाच जाऊ देतात. आत सगळं लहानसंच, तालुक्याच्या एसटी स्टँडएवढं, पण इतकं स्वच्छ की मी दारात चपला काढल्या होत्या. एका बाईने घालायला सांगितल्या.

तपासणीला वर्दीतल्या मुलीने माझी पिशवी बाजूला काढली. “मावशी, तिखट हातातल्या सामानात चालत नाही. इथेच ठेवावं लागेल.”

अनोळखी माणसापुढे माझा आवाज निघत नाही. मी मान हलवली. तिने पिशवी टोपलीत टाकली, कात्र्या आणि काडेपेट्यांवर. मी पुढे जाऊन बसले.

काचेतून पंख्यांचं विमान दिसत होतं. माणसं रांगेत उभी राहू लागली. पैशांशिवाय तिथे पोहोचून मी लेकीसाठी काय करणार होते? उठले आणि परत गेले. मराठी सुचेना, घरचीच बोली तोंडातून निघाली. “ताई, त्या तिखटमा मन्हा पैसा शेतस. पोरना दवाखानाना.”

ती बघत राहिली, मग हसली. “तिखटमा? मन्ही माय तूरनी दायमा ठेवस.”

आमच्याकडचीच निघाली. तिने साहेबांना विचारलं आणि मलाच पिशवीत हात घालायला लावलं. पुरचुंडी वर आली तशी ती शिंकली, साहेब शिंकले, रांगेतला एक कोटवालाही शिंकला.

“जा मावशी,” साहेब डोळे पुसत म्हणाले, “विमान तुमचं जाईल आणि डोळे आमचे.”

जाऊबाईचं बोलणं आठवून मला चारचौघांत हसू आलं. विमान कधी वर गेलं ते कळलंही नाही, पुरचुंडी पोटाशी धरून बसले होते.

दवाखान्यातला पैसे मोजणाराही शिंकत होता. संध्याकाळी नात झाली. दोघी सुखरूप.

जाऊबाईचे पैसे थोडे थोडे करून देत गेले. परवा शेवटचे दिले. तिने नोटा नाकाशी धरल्या. “यास्ले ते वासच नही,” ती म्हणाली.

“मोजी ल्या,” मी म्हटलं.

तिने मोजल्या नाहीत. उठून तिखटाच्या डब्यात ठेवल्या. सगळे पैसे फिटले.