मंदाच्या माइकचं ट्रेबल

मंदा गेली आणि मला रडू येत नाहीये.

दुपारी वळ गावच्या स्मशानातून घरी आलो. चहा प्यायलो. दोन बिस्किटंपण खाल्ली.

माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या निम्म्या लोकांच्या लग्नात ती गायली आहे, म्हणून इथे लिहितोय.

आधी ती ऑर्केस्ट्राची पॉप सिंगर. टिकल्यांचा ड्रेस, हाय हील्स, निजामपुऱ्यापासून कल्याणपर्यंत शो.

साऊंडला मी. सख्खा भाऊ नाही, पण दादा म्हणायची.

बारा वर्षांपूर्वी, ऐन भरात असताना, तिने ऑर्केस्ट्रा सोडला. आत्याकडून शिकलेले धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायला लागली, आपल्या आगरी लग्नांत धवलारीण म्हणून. नऊवारी, अनवाणी, आणि माइक नाही.

मी म्हटलं, "निदान कॉलर माइक तरी लाव."

"नको दादा. धवला हाय यो, डीजे न्हाय. तू पुढं बस नि आयक."

प्रत्येक लग्नात मला पहिल्या रांगेत बसवायची.

आणि मी बारा वर्षं तिला टोमणे मारले. लक्ष्मी टिळा लावायला आली आणि ही तोंड धुवायला गेली, असं चारचौघांत बोललो.

आजही सवयीने तिच्या नवऱ्याला, काशिनाथला, तेच म्हणालो. "ऑर्केस्ट्रा सोडला नसता तर कुठच्या कुठे गेली असती."

तो जमिनीकडे बघत बोलला, "दादा, आता सांगतो. पब्लिक बोलायची, हिचा आवाज कानात टोचतो. ऑर्केस्ट्राचा मालक तिला बोलला, साऊंडवाला बदल, त्याला आयकू येत न्हाय. तिनं ऑर्केस्ट्रा सोडला. तुला न्हाय सोडला."

साऊंडमध्ये यायच्या आधी मी कामतघरला चौदा वर्षं पॉवरलूमच्या खडखडाटात ड्युटी केली. कान तिथेच गेले. बारीक आवाज मला येतच नाहीत. तिचा गळा मला दबका वाटायचा, म्हणून मी ट्रेबल, म्हणजे आवाजाची बारीक धार, वाढवत राहायचो. वर स्वतःला एक्सपर्ट समजायचो.

सांगायचं होतंस ना, मंदा.

मी चार दिवस रुसलो असतो. मग साऊंड बंद करून परत लूमवर गेलो असतो.

तिला ते माहीत होतं.

आत्ता तिच्या एका शोचं रेकॉर्डिंग लावलंय. मला छान वाटतंय. माझी मुलगी आतून आली, आवाज कमी करून गेली.

ज्यांच्याकडे मंदाचे जुने व्हिडिओ असतील, त्यांनी ते ट्रेबल खाली आणून ऐकावेत.

ती तशी गायची.

मंदा, तुझ्या साऊंडवाल्याचा अखेरचा नमस्कार.